डीजेच्या इकोला गाण्याचा ठेका कळायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव आणि लग्नसराई जवळ आली की डीजेच्या आवाजाविषयी वृत्तपत्रांत भरपूर लिहून येते आणि ते योग्यच आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि ती आम्हा व्यावसायिकांनाही पाळावीच लागेल. मात्र आवाज किती असावा यापलीकडे ही चर्चा सहसा जात नाही. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना इको (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमारा), फिल्टर (आवाजाचा खालचा किंवा वरचा पट्टा कापणारा), फ्लँजर (आवाज लाटेसारखा हलवणारा) या इफेक्टचा जो भडिमार होतो, त्यानेही ऐकणारा तितकाच हैराण होतो, असे या व्यवसायात राहून माझे ठाम मत झाले आहे.

अलीकडेच एका हळदीला देवीचे गाणे लागले होते. ‘उदे गं अंबे उदे’ हा गजर आला, अंगणातल्या बायकांनी तो उचलला आणि नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरने पूर्ण गाण्यावर इको आणि फ्लँजर दोन्ही चढवले. शब्द एकमेकांवर आदळू लागले, पुढची ओळ कुठे धरायची ते कळेना आणि बायका गायच्या थांबल्या. तिथे आवाज कमीच होता. बिघडले ते इफेक्टमुळे.

ज्यांच्या कामातून हे तंत्र पुढे आले, त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकातील किंग्स्टन येथे किंग टबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑस्बर्न रडक या ध्वनितंत्रज्ञांनी ध्वनिमुद्रित गाण्यातला गायकाचा आवाज काढून, मागे फक्त ड्रम आणि बेस ठेवून, एखादाच शब्द किंवा गिटारचा एखादाच फटका इकोमध्ये सोडायला सुरुवात केली. आधी जागा मोकळी करायची आणि मग तिथे प्रतिध्वनी येऊ द्यायचा, असा तो क्रम होता. आपल्याकडे गायक, ढोलकी, बेस असे सगळे भरलेले असतानाच वरून इको ओतला जातो.

दुसरी अडचण ठेक्याची आहे आणि तिच्याविषयी फारच कमी बोलले जाते. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो; मिक्सरवर इकोसाठी अर्धा ठोका निवडला तर प्रतिध्वनी २५० वर आणि पाऊण निवडला तर ३७५ मिलिसेकंदांवर येतो. चारच्या ठेक्यात हे चपखल बसते. पण आपली कितीतरी कोळीगीते सहा मात्रांची आहेत. त्यांत प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात, म्हणजे ढोलकीचे बोल साधारण १६७ आणि ३३३ मिलिसेकंदांवर येतात आणि मिक्सरचा तयार इको बरोबर त्यांच्या मध्ये पडून ठेका विस्कटतो. अशा वेळी नॉबने आकडा हाताने ३३३ वर आणला की तोच इको ढोलकीला साथ देऊ लागतो. जुन्या ध्वनिमुद्रणांत वादक प्रत्यक्ष वाजवत असल्याने लय शेवटच्या कडव्यापर्यंत अनेकदा चढलेली असते. तिथे सुरुवातीला मोजलेल्या बीपीएमवर (मिनिटाला ठोक्यांवर) विसंबू नये, टॅपचे बटण ठेक्याबरोबर दाबत नवी लय द्यावी.

गाणे सोडताना ओळीच्या शेवटच्या ठोक्यावर इको लावून लगेच फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली घ्यावा. उरलेला प्रतिध्वनी विरत असतानाच दुसरे गाणे समेवर यावे. मिक्सरच्या जोडणीत इको फेडरच्या आधी असेल, तर फेडरबरोबर तोही तुटतो. फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा इकोत सोडण्याचे प्रमाण) निम्म्याच्या आसपास पुरतो; पूर्ण फिरवल्यास प्रतिध्वनी विरण्याऐवजी साठत जातो आणि मिक्सरचे लाल दिवे लागतात. फिल्टरचे खरे काम दोन गाण्यांचे बेस एकमेकांवर चढू न देणे हे आहे. त्याचा रेझोनन्स (जिथे कापतो तिथला आवाजाचा उठाव) वाढवून नॉब वरखाली फिरवला की दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे माणसाचा कान सर्वांत संवेदनशील असतो, टॉपच्या (वरच्या पट्टीच्या स्पीकरच्या) हॉर्नमधून कर्कश शिट्टी निघते. पहिल्या रांगेतल्या लहान मुलांना ती किती बोचत असेल, याचा विचार ऑपरेटरने केलाच पाहिजे.

माझी मंडळांना आणि लग्नघरांना विनंती आहे की डीजे ठरवताना ‘किती बेस, किती टॉप’ एवढेच न विचारता त्या ऑपरेटरकडून एक कोळीगीत आणि एक देवीचे गाणे जोडून घ्यावे, तेही कमी आवाजात, आणि शब्द स्पष्ट ऐकू येतात का ते पाहावे. डीजेचे वर्ग चालवणाऱ्यांनीही चारच्या ठेक्याबरोबर दादऱ्यातला, म्हणजे सहा मात्रांच्या ठेक्यातला इको पहिल्याच महिन्यात शिकवावा.

आपला विश्वासू,
एक डीजे व्यावसायिक, कराड