तो वेळ आणि ती वेळ

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहायला घेतलं आणि तिथंच अडलो. मिळतो तो वेळ पुल्लिंगी, आणि जेवायची होते ती वेळ स्त्रीलिंगी! पन्नास वर्षं मराठी बोलतोय, पण हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. तो काढावा लागतो, पुरवावा लागतो, वाया जातो. ती मात्र आपली आपण येते. कधी वैऱ्यावरही येऊ नये अशी येते.

हे खूळ डोक्यात शिरलं भाचीच्या लग्नात. गुरुजींनी हौसेनं घटिकापात्र मांडलं होतं. घंगाळात पाणी, त्यावर तरंगती तांब्याची वाटी, वाटीच्या तळाला बारीकसं भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. मी शेजारीच फतकल मारून बसलो. बराच वेळ काही घडतच नाही रे. पाणी चढतंय हेसुद्धा कळत नाही. मग काठ पाण्याला लागतो आणि डुबुक! वाटी तळाशी. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, “गुरुजी, दोन मिनिटं, लाइट लावतोय.” आणि गुरुजी थांबले. (मी गुरुजी असतो तर थांबलो नसतो. पण आपल्याला कोण विचारतंय?)

थोरल्या मामांनी आजी-आजोबांची १९४८ची लग्नपत्रिका आणली होती. मुहूर्तापुढे कंसात ‘स्टँ. टा.’ छापलेलं. मुंबईचं घड्याळ तेव्हा स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे असायचं. देशाला १९०६ साली एक वेळ ठरवून दिली, तरी मुंबईनं आपली १९५५पर्यंत सोडली नाही. निम्मं वऱ्हाड मुंबई टाइमानं निघालं आणि थेट पंगतीला पोचलं, असं मामा सांगतात. खरंखोटं तेच जाणोत, पण कुणी रागावलं नाही म्हणे.

आणि आपण! माझी आठ चौदाची लोकल चार मिनिटं लेट झाली की अख्खा प्लॅटफॉर्म माना वाकड्या करून इंडिकेटरकडे बघतो. त्यात मीही आलोच.

बाबा रोज संध्याकाळी म्हणतात, “चल, घटकाभर तलावपाळीला बसू.” मी रोज म्हणतो, “वेळ नाही हो.” परवा गेलो. मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून खारे शेंगदाणे खाल्ले. बाबा दाणा चोळून फोल फुंकायचे, ते वाऱ्यानं माझ्याच शर्टावर. बोलणं असं काही झालं नाही. बोटी मोजल्या, त्यातही दोघांचे आकडे जुळेनात. उठताना सवयीनं घड्याळ बघितलं. चोवीस कुठली, सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. बाबा म्हणाले, “बघ, झाली की नाही घटकाभर?”

दिवाळीत येतोयस ना? बाबा तुझी आठवण काढतात. तारीख कळव, रजा टाकतो. शेंगदाण्याचे पैसे तुझे.

तुझा,
अण्णा