शाळा दुकानातच भरू द्या की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मंगळवार पेठेत माझं किराणा दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. पेपरला पत्र कधी लिहिलेलं नाही, शाळेत निबंधाला पण काठावर पास होतो, त्यात मोबाईलवर टाईप करतोय, तेव्हा काना-मात्रा इकडंतिकडं झाला तर सांभाळून घ्या. पण मागच्या गुरुवारी दुकानात जे झालं ते डोक्यातून जाईना, बायको म्हणाली मनात ठेवू नका पेपरला तरी लिहा, म्हणून लिहितोय.

दर गुरुवारी अकराच्या सुमाराला मतिमंद मुलांच्या शाळेतल्या एक बाई तीन मुलांना घेऊन दुकानात येतात. मतिमंद म्हणायचं नाही, बौद्धिक दिव्यांग म्हणायचं, हे बाईंनीच मला सांगितलंय, पण गल्लीत अजून जुनाच शब्द चालतो आणि माझ्याही तोंडात तोच बसलाय. मुलं म्हणजे लहान नव्हेत. दोन पोरं सतरा-अठराची, एक मुलगी सोळाची. त्यातल्या एकाला आम्ही दुकानात पैलवान म्हणतो, तालमीत कधी गेलेला नाही पण अंगानं असा की शटरमधनं वाकून येतो. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड असतं, त्यावर चहाच्या पुड्याचं नाहीतर साबणाचं रिकामं पाकीट कापून चिकटवलेलं. कार्ड बघायचं, लाईनीत थांबायचं, मला हाक मारायची, वस्तू मागायची, पैसे द्यायचे, उरलेले परत घ्यायचे, पिशवीत घालायचं आणि बाजूला व्हायचं. एवढंच. तुम्हाआम्हाला दोन मिनिटाचं काम, त्यांना एकेकाला दहा मिनिटं लागतात.

तर मागच्या गुरुवारी पैलवान काउंटरवर दहा-दहाच्या नोटा मांडत होता, तीन झाल्या होत्या, चौथी हातात. मागं एकजण गाडी चालूच ठेवून आला आणि म्हणाला, "अवो शेठ, मला आधी द्या, यांची शाळा शाळेत घ्या म्हणावं." गाडीचा आवाज आणि त्यावर ह्याचा आवाज, पैलवानानं नोटा तिथंच टाकल्या आणि कानावर हात ठेवून पायरीवर जाऊन बसला. बाई काही बोलल्या नाहीत. आणि मी, खरं सांगतो, त्या गिऱ्हाइकाला आधी सामान दिलं. रोजचं गिऱ्हाईक आहे हो, महिन्याची यादी असते त्याची. पण रात्री शटर ओढताना वाटलं की आपण नेमकं काय केलं.

"शाळा शाळेत घ्या" हे मला पण सुरुवातीला पटायचं. दीड वर्षापूर्वी बाई पहिल्यांदा विचारायला आल्या तेव्हा मी हेच म्हणालो होतो, वर्गात खोट्या नोटा घेऊन दुकान-दुकान खेळवा की. त्या म्हणाल्या ते चार वर्षं खेळवलंय, वर्गात शंभर टक्के जमतं, आणि खऱ्या दुकानात उभं केलं की सगळं पुसल्यासारखं होतं. या मुलांचं असं असतंय म्हणे की एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. वर्गातल्या बेसिनवर हात धुणारं पोरगं घरच्या नळाखाली अडतं कारण तो नळ वर उचलायचा असतो आणि हा फिरवायचा. त्यामुळं जिथं वापरायचं तिथंच शिकवायचं. पोहायला शिकताना नाही का, खाटेवर हातपाय मारून कुणी शिकत नाही, रंकाळा तलावात उतरावंच लागतं.

दीड वर्षात मी बघून बघून बरंच शिकलोय. पैलवान पैसे दिले की चालायला लागायचा, उरलेले परत घ्यायचे हे डोक्यातच नाही. बाईंनी काय करावं, सगळं स्वतः केलं, मागितलं, पैसे दिले, आणि फक्त शेवटचं काम त्याला दिलं, माझ्या हातातनं सुट्टे घेऊन पाकिटात टाकायचं. तीन-चार गुरुवार तेवढंच. मग त्याच्या आधीचं काम, मग त्याच्या आधीचं. म्हणजे शिडी वरनं खाली उतरत शिकवायची. मला हे उलटं वाटलं, पण त्या म्हणाल्या की असं केलं की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातानं संपतं, त्याला 'झालं' असं वाटतं आणि पोरगं पुढच्या वेळी आपण होऊन येतं. आणि खरंच येतं.

हिशेबाची तर वेगळीच गंमत. या मुलांना वजाबाकी जमेलच असं नाही, म्हणून बाई 'पुढचा दहा' शिकवतात. त्रेचाळीस रुपये झाले तर चार दहाच्या आणि वर एक, पाच नोटा द्यायच्या, उरलेले दुकानदार देईल. सोपं आहे. पण मी तोंडी हिशेब करणारा माणूस, मी म्हणायचो "एकोणपन्नास झाले" आणि पैलवान सहा नोटा मांडायचा. दोन-तीनदा झाल्यावर कळलं की त्याला ऐकू येतंय 'पन्नास', म्हणून पाच आणि वर एक! चूक पोराची नाही, आपल्या मराठी आकड्यांचीच आहे. एकोणतीस, एकोणचाळीस सगळीकडं तोच घोळ. तेव्हापासून मी धूळ खात पडलेला कॅल्क्युलेटर पुसून काढला, आकडा मारून तोंड त्यांच्याकडं करतो. पहिला आकडा बघायचा, तेवढ्या नोटा आणि वर एक. आता चुकत नाही.

नोटांचं पण तसंच. रंगावरनं ओळखा म्हणायची सोय नाही. २०१६ नंतर नव्या नोटा आल्या पण जुन्या पण चालतात, जुनी शंभरची निळसर आणि नवी पन्नासची पण निळी, जुनी पन्नासची जांभळट आणि नवी शंभरची पण जांभळट. मी गल्ल्यावर बसून फसलोय, तिथं त्या पोरांचं काय. आणि एक माझी खोड बाईंनी मोडली, रुपया-दोन रुपयांच्या बदली चॉकलेट द्यायची. त्या म्हणाल्या, मी त्याला शिकवतोय की दुकानदाराकडनं पैसे परत घ्यायचे, तुम्ही त्याला चॉकलेट देता, मग त्यानं शिकायचं काय? (बाई अस्सल कोल्हापूरच्या, 'शिकवतोय' असंच म्हणतात.) आता सगळ्याच गिऱ्हाइकांना सुट्टे देतो. धंद्यात तोटाच, पण असो.

मुलीच्या कार्डावर महिन्यातनं एकदा पॅडचं पाकीट असतं. आम्ही दुकानदार ते पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो, सवयच तशी. बाई म्हणाल्या गुंडाळू नका, तिला पाकीट ओळखायचंय, लाजायचं कशाला हे तिला समजणार नाही आणि समजायची गरज पण नाही. फक्त कुठं बदलायचं, कुणासमोर बोलायचं, कुणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही हे पक्कं पाहिजे, आणि ते सगळ्यात आधी शिकवायला लागतं. आईबाप हे सगळ्यात शेवटी शिकवतात, नाहीतर शिकवतच नाहीत. त्या दिवशी माझ्या बायकोनं बाईंना आत बोलावून चहा पाजला आणि तासभर बोलत बसल्या.

के.एम.टी.च्या, म्हणजे आमच्या सिटी बसनं एकटं जायचं शिकवणं पण चालू आहे. दुसरा मुलगा आता बिंदू चौकापर्यंत एकटा जातो, बाई मागच्या सीटवर अनोळखी असल्यासारख्या बसतात. फुले-आंबेडकरांचे पुतळे दिसले की उठायचं, हे त्याचं गणित. गणपतीत रस्ते बंद झाले आणि बस दुसरीकडनं वळली, पुतळे आलेच नाहीत, पोरगं घाबरून दारात उभं राहिलं आणि हलेना. कंडक्टरनं ओरडायच्या ऐवजी "बस, मी सांगतो तुला" एवढं म्हटलं आणि विषय मिटला. त्यानंतर बाईंनी अजून एक कार्ड केलं, 'रस्ता बदलला तर कंडक्टर काकांना विचारायचं.' रुटीन मोडलं की काय करायचं हे पण शिकवायला लागतं हे मला तरी माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल हा शेठ एवढा का पेटलाय. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा तसाच आहे, एकवीस वर्षांचा. पंधरापर्यंत पाढे धडाधडा म्हणतो, पाहुणे आले की म्हणून दाखवतो, सगळे टाळ्या वाजवतात. पण अंघोळ अजून आई घालते. ती छप्पन वर्षांची, गुडघे गेलेत, आणि पोरगं तिच्यापेक्षा एक हात उंच. सोळा-सतरा वर्षांचा असताना शाळेतनं घरी काय आणायचा तर रंगवलेलं आंब्याचं चित्र आणि मण्यांची माळ. मिसरूड फुटलेल्या पोराला बालवाडीचंच काम, आणि आम्हाला सगळ्यांना कौतुक. दाढी कोण शिकवणार, गॅस बंद करायला कोण शिकवणार, घरचा नंबर सांगायला कोण शिकवणार, हे कुणी विचारलं नाही, मी पण नाही.

कायद्यानं चाळीस टक्के किंवा त्यावर दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षं फुकट शिक्षण आहे, २०१६ च्या कायद्यात आहे ते. अठरा पूर्ण झाली, शाळा संपली, तेव्हापासून भाचा घरात टीव्हीसमोर. पुढं अशा मोठ्या पोरांना काम शिकवणारे वर्कशॉप असतात, शेंडा पार्कला चेतनासारखी संस्था आहे, पण जिल्ह्यात अशी पोरं किती आणि जागा किती. आणि वर्कशॉपवाल्यांचं पण बरोबर आहे, ते विचारतात पोरगं स्वतःचं स्वतः संडासला जातं का, डबा उघडून खातं का, एका जागी तासभर बसतं का. मेणबत्ती-उदबत्ती करायला आठ दिवसात शिकवू म्हणाले, हे आधीचं कोण शिकवणार? ते चौदाव्या वर्षी सुरू करायचं असतं, अठराव्या नाही.

भाच्याचं खातं काढायला एका बँकेत गेलो तर तिथं वेगळंच. अठरा झाल्यावर आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, कलेक्टरांच्या कमिटीकडनं पालकत्वाचा कागद आणायला लागतो, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती सोय आहे. तो कागद लागतो एवढं साधं वाक्य आम्हाला तिसऱ्या फेरीला ऐकायला मिळालं. त्या तीन फेऱ्यात पोराकडं बघून एक शब्द कुणी बोललं नाही, सगळं मलाच विचारायचे, त्याचं नाव काय हे सुद्धा. नाव त्याला सांगता येतं.

पण बँकेला काय बोलायचं, मी स्वतः काय केलं? पोरगं लहानपणापासून दर रविवारी दुकानात येतं, बिस्किटाचा पुडा उचलतं आणि जातं. मामाचं दुकान, पैसे कसले घ्यायचे. वीस वर्षं मी लाडानं त्याला हेच शिकवलं की वस्तू उचलायची आणि चालायला लागायचं. एकदा दुसऱ्याच्या दुकानात तसंच केलं तेव्हा मार खाता खाता वाचला, आणि तेव्हा पण आम्ही त्या दुकानदारालाच शिव्या घातल्या.

कोल्हापूरहून पत्र म्हणजे शाहू महाराज यायलाच पाहिजेत, तर घ्या. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. तेव्हा पोरगं शाळेपर्यंत आणायचं होतं. या पोरांची शाळा उलटी आमच्या दारात आलीय, आणि आम्ही म्हणतोय पुढं व्हा. राज्यात २०२२ ला दिव्यांगांसाठी वेगळं सरकारी खातं झालं, चांगलंच झालं, पण लाईनीत मागं उभा राहून हॉर्न न वाजवणं हे खातं करू शकत नाही. माझं म्हणणं व्यापारी लोकांना आहे, केशकर्तनालयवाल्यांना, कंडक्टर लोकांना, पोस्टात आणि बँकेत काउंटरला बसणाऱ्यांना. आठवड्यातनं एक तास, गर्दी नसलेला, जवळच्या शाळेला देऊन टाका. फुकट काही देऊ नका, गोड बोलून काम पण करून देऊ नका, नुसतं थांबा. आणि बोलायचं ते पोराशी बोला, बाईंशी नाही.

भाच्याचं आम्ही आता चालू केलंय, उशीर झालाय पण चालू केलंय. मागच्या महिन्यात पहिल्यांदा पुड्यावर हात ठेवून म्हणालो "पैसे?" तर माझ्याकडं असं बघितलं की मलाच रडू यायचं राहिलं. बहीण रुसली, दोन रविवार पाठवलंच नाही. परवाच्या रविवारी आला, मुठीत दहाची नोट, घामानं चोळामोळा झालेली, काउंटरवर टाकली, पाचाचा पुडा घेतला आणि चालायला लागला. त्याचे पाच रुपये गल्ल्यात वेगळे काढून ठेवलेत.

पैलवानाला घेऊन बाई या गुरुवारी येणार आहेत असं फोनवर म्हणाल्या. तेव्हा गुरुवारी अकरा ते बारा ज्यांना घाई असेल त्यांनी कृपा करून बाराच्या पुढं यावं, नाहीतर शेजारच्या दुकानात जावं, त्याच्याकडं पण साखर मिळते.

आपला,
एक किराणा दुकानदार
मंगळवार पेठ, कोल्हापूर