मुलांच्या खोलीतलं कपाट भिंतीला बांधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या वृत्तपत्रासह सगळीकडे घरसजावटीच्या पुरवण्या निघतात. मुलांच्या खोलीसाठी रंग, पडदे, गाडीच्या आकाराचे पलंग, सगळं त्यात असतं. मी सोलापुरात सुतारकाम करतो. मुलांच्या खोलीचं काम सांगायला येणारे आईवडील सनमायकाचा रंग निवडायला दोन-दोन तास घालवतात, आणि ते मला आवडतंही, कारण त्यात माया असते. पण उभं केलेलं कपाट भिंतीला पक्कं कसं करणार, हे विचारणारं माणूस फार क्वचित भेटतं. त्यासाठीच हे पत्र.

ड्रॉवरचं कपाट पडतं कसं, ते आधी सांगतो. खेळणं वर ठेवलेलं असतं. मूल खालचा खण ओढतं, मग त्याच्या वरचा, आणि जिन्यासारखं त्यावर पाय देऊन चढतं. बाहेर आलेल्या खणांचं वजन पुढे, मुलाचं वजन त्याहून पुढे. कपाटाचा तोल पायांच्या पुढे जातो आणि ते मुलासकट कोसळतं. भरलेलं कपाट मुलाला अंगावरून ढकलता येत नाही, छाती दाबली गेली तर ओरडताही येत नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळायला वेळ लागतो.

आपल्या शहरात यात आणखी एक भर पडते. अजूनही कितीतरी घरांत शहाबादी फरशी आहे. सांधे वर-खाली, मोरीकडे उतार दिलेला. कपाट डुगडुगतं म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी किंवा फरशीचा तुकडा सारतात. वर्षभरात पुठ्ठा चेपतो आणि कपाट पुढे झुकतं, डोळ्यांना दिसत नाही इतकंच. लोखंडी कपाटाच्या दारावर आरसा असेल तर दार उघडताच सगळा भार पुढच्या पायांवर येतो. त्यात वरती बॅगा, पाहुण्यांच्या चादरींचं गाठोडं.

अमेरिकेत यावरून मोठी चळवळ झाली. भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलं दगावली, तेव्हा २०१६ मध्ये आयकिया कंपनीने तिथली सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली. मुलं गमावलेले आईवडील त्यानंतरही थांबले नाहीत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथे ‘स्टर्डी’ नावाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून २७ इंच किंवा त्याहून उंच अशा कपड्यांच्या कपाटांना तोलाची चाचणी सक्तीची झाली. २७ इंच म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षाही कमी. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्येच साठवणीचं फर्निचर, पलंग आणि बंक बेड म्हणजे दुमजली पलंग यांची वेगवेगळी मानके काढली आहेत. पण घरी येऊन प्लायवूड कापणाऱ्या माझ्यासारख्याच्या कामावर कुणाचा शिक्का नसतो. तिथे गिऱ्हाईकाने विचारणं आणि कारागिराने सांगणं, एवढाच उपाय उरतो.

काम सोपं आहे. कपाटाच्या वरच्या कडेला, दोन टोकांना दोन लोखंडी अँगल. प्लास्टर अर्धा-पाऊण इंचाचं असतं, त्यामुळे स्क्रू त्याच्या पार जाऊन विटेत बसला पाहिजे. दोन-अडीच इंचाचा स्क्रू आणि फिशर, म्हणजे भोकात स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी, हवी. भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीमुळे, म्हणजे स्कर्टिंगमुळे, कपाट भिंतीपासून सुटं राहतं, त्या फटीत लाकडी पट्टीचं पॅकिंग द्यावं. साखर पेठ, बाळीवेस भागातल्या जुन्या दगडमातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तिथे लाकडी खांब किंवा तुळई मिळाली तर तिला बांधावं, नाहीतर उंच कपाट मुलांच्या खोलीत ठेवूच नये. ड्रॉवर करायचे असतील तर एक उघडा असताना दुसरा उघडणार नाही असं लॉक मिळतं, ते मागावं. जड सामान खालच्या खणात, आणि मुलाला हवीशी वाटेल अशी कुठलीही वस्तू वर नको.

आता दुमजली पलंग. दोन मुलं आणि दहा बाय दहाची खोली असली की याच पलंगाची मागणी येते. त्याचे जे नियम सांगितले जातात ते थंड देशांतले: सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, कठड्यातल्या फटी साडेतीन इंचांपेक्षा कमी असाव्यात (धड निसटतं, डोकं अडकतं), कठडा गादीच्या वर किमान पाच इंच असावा. हे सगळं बरोबरच आहे. पण आपल्याकडे वर पंखा आहे. छत दहा फुटांवर, पाती साधारण नऊ फुटांवर. वरची गादी पाच फुटांवर आणि मूल चार फुटांचं. ते उभं राहिलं की डोकं नऊ फुटांवर. दहा फूट रुंद खोलीत मधोमध ४८ इंची पंखा असेल तर पात्याचं टोक भिंतीपासून बरोबर तीन फुटांवर येतं. पलंगही तीन फूट रुंद. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून झोपा, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून मी अशा खोलीत दुमजली पलंगाला नाहीच म्हणतो. खालच्या पलंगाखाली सरकणारा दुसरा पलंग करून देतो. जागा तेवढीच वाचते.

ज्यांच्याकडे दुमजली पलंग आहे त्यांनी आजच पट्टी लावून कठडा मोजावा. पलंग बनवताना चार इंचाची गादी धरलेली असते. पुढे तिच्यावर दुसरी कापसाची गादी येते आणि कठडा नावापुरता उरतो. वरच्या दांड्याला साडीचा झोका किंवा ओढणी बांधू देऊ नका. गळ्याला फास बसायला फार वेळ लागत नाही.

पेटीच्या पलंगाविषयीही, म्हणजे गादीच्या फळीखाली सामान ठेवायच्या दिवाणाविषयीही, सांगायला हवं. लपाछपी खेळताना मुलं त्यात शिरतात. लेन या अमेरिकी कंपनीने १९९६ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख लाकडी पेट्यांची कुलपं बदलायला घेतली, कारण झाकण पडलं की कुलूप आपोआप लागायचं आणि मुलं आत गुदमरली होती. आपल्या दिवाणाला कुलूप नसलं तरी वर गादी असते, आणि तेवढं झाकण लहान मुलाला आतून उचलत नाही. मुलांच्या खोलीत झाकणाऐवजी बाजूने उघडणारे खण करा. झाकण उचलून धरणारा हायड्रॉलिक दांडा ढिला झाला असेल तर त्याच दिवशी बदला.

नव्या फर्निचरचा वास हा नवेपणाचा वास नाही. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि स्वस्त प्लायवूडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. बोर्ड कापताना आमचे डोळे चुरचुरतात ते त्यानेच. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो कर्करोगकारक ठरवला, आणि उष्णतेत तो जास्त सुटतो. आपल्या उन्हाळ्यात बंद खोली किती तापते ते सगळे जाणतात. ई-वन किंवा ई-झिरो, म्हणजे हा वायू कमी सोडणारा, दर्जा मागा, आतल्या आणि मागच्या उघड्या कडाही बंद करून घ्या, आणि वास जाईपर्यंत खिडक्या-खण उघडे ठेवून मूल दुसऱ्या खोलीत झोपवा. घरातला जुना रंगवलेला पाळणा नातवंडासाठी काढणार असाल तर जपून. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. मूल कठडा चावतं. तो रंग घरात कोरडा घासूही नका, धूळ अधिक वाईट.

आपल्याकडे माझी विनंती अशी, की यंदाच्या पुरवणीत मुलांच्या खोलीच्या प्रत्येक लेखासोबत कपाट बांधण्याची चौकट छापावी. दुकानदारांनी घरपोच फिटिंगमध्येच दोन अँगल आणि चार स्क्रू धरावेत. शंभर रुपयांच्या आतलं सामान आणि अर्ध्या तासाचं काम आहे. आणि घरमालकांना हात जोडून सांगणं आहे. ‘भिंतीला भोक पाडायचं नाही’ या अटीमुळे किती भाडेकरू हे काम टाळतात ते मी रोज पाहतो. लहान मूल असलेल्या घरात तेवढी परवानगी द्या. ते कुटुंब घर सोडून गेलं की ती भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजतात, आणि कुणी बोलावलं तर ती मी पैसे न घेता बुजवून देईन.

आपला,
एक सुतार वाचक
जुळे सोलापूर