इंग्रजी ओळीवरची पेन्सिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, यावर 2025 मध्ये महाराष्ट्रात रण माजले. शासननिर्णय निघाले आणि 29 जूनला ते मागेही घेतले गेले. या गदारोळात एक प्रश्न राहूनच गेला. इंग्रजी तर मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीतच आहे. तिचे आठवीपर्यंत काय होते?

उत्तर हवे असेल तर आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरचे इंग्रजीचे पुस्तक उघडून बघावे. छापील ओळीच्या वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले असतात. 'वाच' म्हटले की मूल ती पेन्सिलीची ओळ घडाघडा वाचते. खालच्या अक्षरांशी त्याची गाठच पडत नाही. परीक्षेतल्या अपठित उताऱ्यावर पेन्सिल नसते, तिथे गाडी अडते. मग निदान होते 'व्याकरण कच्चे', आणि आणखी व्याकरण शिकवले जाते.

देवनागरीतला 'क' कुठेही आला तरी क असतो. इंग्रजीतला ए मात्र कॅटमध्ये ॲ, केकमध्ये ए, कारमध्ये आ आणि बॉलमध्ये ऑ. त्यात 'सी-ए-टी कॅट' हे पाठांतर. सी, ए, टी ही अक्षरांची नावे झाली. त्यांची कितीही बेरीज केली तरी कॅट निघत नाही. भरीला रोमन लिपीतल्या पाट्या. थेऊर आणि ठाणे दोन्हींत टी-एच, आणि ए म्हणजे अ किंवा आ. त्या पाट्यांवर डोळा बसलेले मूल 'दॅट'ला 'थट' वाचते. आपण हसतो, पण त्याने पाटीचाच नियम चोख लावलेला असतो.

म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीला पहिला पाठ काढण्याआधी 20 शब्दांचा एक कागद करावा. पाच शब्द तीन अक्षरी (पिन, टॅप), पाच जोडव्यंजनांचे (स्टॉप, हँड), पाच शेवटी मुका ई असलेले (केक, टाइम) आणि पाच दोन अवयवांचे, म्हणजे दोन तुकड्यांत उच्चारायचे (विंटर, मार्केट). एका मुलाला एक मिनिट द्यावे. 60 मुलांचा वर्ग 35 मिनिटांच्या दोन तासिकांत उरकतो. शब्द पुस्तकातले नकोत, ते पाठ झालेले असतात. पहिल्या दहांतच जे अडखळतात त्यांची नावे वेगळी काढावीत. ती निम्म्या वर्गाची निघाली तरी दचकू नये.

पुढचे आठ आठवडे रोजच्या तासिकेतली पहिली 15 मिनिटे फक्त वाचनाला द्यायची. आठवड्याला सहा तासिका धरल्या तर हे एकूण 12 तास होतात. क्रम ए-बी-सी-डी असा ठेवू नये. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे आधी घेतली तर तेवढ्यातच सॅट, टिन, पॅन, स्नॅप, स्पिन असे वीसहून अधिक शब्द जुळतात. चौथ्या आठवड्यात मुका ई घ्यावा: कॅपचे केप होते, पिनचे पाइन. सहाव्यात जोडस्वर. नियमात न बसणारे 'सेड', 'वॉज', 'व्हॉट' यांसारखे शब्द आठवड्याला पाच या हिशेबाने भिंतीवर लावावेत. उच्चार पेन्सिलीने लिहायची मुभा तेवढ्याच शब्दांना असावी. सरसकट खोडरबर फिरवले तर मुले वहीच्या मागे लिहून ठेवतात.

हे फसते ते बहुधा एका ठिकाणी. पीचा ध्वनी सांगताना शिक्षक 'प' म्हणतात. आपल्या 'प'त अ दडलेला असतो, म्हणून प, इ, न जोडून मूल 'पइन' म्हणते आणि गोंधळते. अक्षराचा पाय मोडून सांगावे: प्-इ-न्. पाय मोडणे मराठी मुलाला दुसरीपासून ठाऊक असते. ॲ आणि ऑ यांनाही आपल्या वर्णमालेत 2009 पासून अधिकृत जागा आहे. फळ्यावर 'बॅट' आणि 'बेट' शेजारी-शेजारी लिहून दोन्ही म्हणून घेतले की कान तयार होतो.

वर्गात मराठी बोलणे हा गुन्हा मानणे तर सोडूनच द्यावे. 'मला दोन भाऊ आहेत'चे 'टू मी आर टू ब्रदर्स' करणाऱ्याला आपली मला, माझ्याकडे, माझ्याजवळ ही रूपे समोर मांडून 'हॅव्ह' दोन मिनिटांत समजावता येतो. इंग्रजीतून समजावताना तास जातो.

राहता राहिले अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण. 2019 मध्ये भाषांचे हे गुण नव्हते आणि दहावीचा निकाल 77.10 टक्के लागला. ते परत आले त्या 2020 मध्ये 95.30. फरकाला नवा अभ्यासक्रम आणि इतरही कारणे होती, तरी हे गुण कसे वाटले जातात ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको. त्यांतले पाच जरी 50 शब्दांचा अनोळखी उतारा मोठ्याने वाचण्याला राखले, तर शाळा आपोआप वाचन शिकवू लागतील. मंडळ आणि बालभारती, दोन्ही पुण्यातच आहेत. उताऱ्यांचा संच आणि तो 20 शब्दांचा कागद तयार करणे त्यांना जड नाही.

एक अट मात्र आहे. हे आठ आठवडे सलग मिळाले पाहिजेत. चार दिवस खंड पडला की कच्ची मुले पुन्हा पेन्सिलीकडे वळतात. तेव्हा जून ते ऑगस्ट या काळात आठवीच्या इंग्रजी शिक्षकाला मतदार याद्यांच्या कामाला जुंपू नये आणि ऑनलाइन माहिती भरायलाही बसवू नये, असे पत्रक शिक्षण विभागाने शाळा उघडण्यापूर्वी काढावे.

— माध्यमिक शाळांतील काही इंग्रजी शिक्षक, पुणे