जुन्या गाडीला हवा हवी, पण गार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका तरुणाने लिहिलं होतं, की जुन्या गाडीचा दम वाढवायचा तर एअर फिल्टरचा मूळ डबा काढून ‘ओपन फिल्टर’ बसवा. हाच सल्ला मी पस्तीसशे रुपये मोजून घेतलेला आहे, म्हणून हे पत्र.

माझी १९९८ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या धाटणीचा भाग असलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात ती दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकू लागली. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, “काका, इंजिनाला हवा कमी पडतेय.” निदान बरोबर होतं, औषध चुकलं. डबा निघाला आणि त्या जागी लाल, शंकूच्या आकाराचा फिल्टर आला. आवाज असा, की सोसायटीतली पोरं गॅलरीत येऊन बघायची. सौ. म्हणाली, गाडी घोरते. पिकअप मात्र होता त्याहून बेताचा.

नोकरी सगळी पिंपरीत टूलरूममध्ये गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. लांब वायरीचा थर्मामीटर फिल्टरशेजारी बांधला, आकडे डॅशबोर्डवर दिसतील असे ठेवले. एप्रिलची दुपार, स्वारगेटचा सिग्नल. बाहेर ३८ अंश, बॉनेटखाली ६२! हवा इतकी तापली की तेवढ्याच जागेत सुमारे ७ टक्के कमी मावते. आधीच पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे हवा मुळातच थोडी विरळ, त्यात ही कपात. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलो हवा लागते. शिवाय कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) मूळ डब्याच्या हिशेबाने बसवलेले. नुसतं तोंड मोकळं करून ते हिशेब जुळत नाहीत.

माळ्यावरून डबा खाली काढला. खरा रोग तेव्हा सापडला. पुढून गार हवा आणणारा रबरी पाइप खालच्या बाजूने हातभर चिरला होता; वरून बघणाऱ्याला दिसणारच नाही. म्हणजे गाडी आधीही गरम हवाच ओढत होती. झाकणाखालची रबरी रिंग चपटी झालेली. कागदी फिल्टर अंगणात आपल्याच अंकावर हलकेच आपटला (अंक वाचून झाला होता), तर नाचणीच्या पिठासारखी धूळ पडली. बारा महिने खोदलेल्या रस्त्यांची ती कमाई. ही धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. कंप्रेसरने फिल्टर बाहेरून आत फुंकणाऱ्यांना तर हात जोडावेत. धूळ कागदात आणखी रुतते. फुंकायचाच तर आतून बाहेर, तोही बेताने. मी आता सरळ नवाच घालतो, पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर.

नाना पेठेतून पाइप, रिंग आणि फिल्टर मिळून खर्च त्या शंकूच्या पाव हिश्शातही आला नाही. त्याच सिग्नलला डब्याच्या तोंडाशी थर्मामीटर ४१ दाखवू लागला. मागच्या महिन्यात खंबाटकी तिसऱ्या गिअरवर चढलो, पुढे उसाची ट्रॉली आडवी येईपर्यंत.

त्या तरुणाने आपला डबा अजून भंगारात घातला नसेल तर घालू नये. पाइप मला एका फेरीत मिळाला. असा डबा चार दुकानांत विचारला, एकाकडेही नव्हता.

आपला,
एक निवृत्त टूलरूमवाला
सहकारनगर, पुणे