बाई, तुम्ही वळून बोलायचात

बाई, नमस्कार.

परवा लेकीचं पाचवीचं प्रगतिपुस्तक घ्यायला आले तेव्हा गळा दाटून आला, तुमच्याशी धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

आधीच्या शाळेने काय ऐकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. 'हिला मूकबधिर शाळेत घाला, बाकीच्यांचा खोळंबा होतो.' लेक कानाला मशीन लावते, बोलते, वाचते. दिव्यांग मुलांना भेदभाव न करता शिकवायचं, हे २०१६च्या कायद्यातच आहे. तरी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि 'लक्ष देत नाही' असा शेरा मारून मोकळे झाले!

तुम्ही फळ्यावर लिहून झालं की खडू खाली ठेवायचात, वर्गाकडे वळायचात आणि मगच बोलायचात. फळ्याकडे तोंड करून एक शब्द नाही. मशीनने आवाज मोठा होतो, पण निम्मं ती ओठांवरून समजून घेते, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलंत. मागून कुणी प्रश्न विचारला तर तो आधी स्वतः पुन्हा म्हणायचात, मग उत्तर. आणि हे कुणासाठी चाललंय ते वर्गात कधी बोलला नाहीत. मुलांना वाटायचं, बाईंची पद्धतच अशी. माझ्या लेकीला कुणाच्या उपकाराखाली बसावं लागलं नाही, बाई. ह्यासाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, तुम्ही वर्गाला बुधवार पेठेत भिडेवाडा होता त्या जागेपाशी नेलंत. १८४८ साली तिथे मुलींची शाळा निघाली, हे पुस्तकात असतंच. तुम्ही विचारलंत, 'आज आपल्या वर्गात कोण नाही?' मुलं म्हणाली, शेजारच्या बांधकामावरची मुलं. लगेच तुम्ही त्या साइटवर गेलात. जन्मदाखला नाही म्हणून आईबाप घाबरत होते. त्यावाचून प्रवेश अडत नाही, हे तुम्ही त्यांना समजावलंत. त्यातली दोघं आता वर्गात आहेत. पाटीवर 'सर्वांसाठी शिक्षण' लिहिणाऱ्या शाळा पुण्यात पुष्कळ आहेत. मुलं आणायला साइटवर जाणाऱ्या बाई मला तुमच्या रूपात पहिल्यांदा दिसल्या.

सहावीच्या सरांना तुम्ही आधीच सगळं सांगून ठेवलंत, असं लेक म्हणाली. त्यांनाही माझा नमस्कार सांगा. आणि सुट्टीत घरी या, ती रोज विचारते.

तुमची,
पाचवीतल्या एका मुलीची आई