निळीचा देश, कॉफीचा देश

प्रिय वसंतास,
सप्रेम नमस्कार.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमधील इतकी माणसे देश सोडून अमेरिकेत का जातात, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. माझ्या मते त्याचे मूळ तेथील जमिनीच्या वाटणीत आहे.

हा देश जेमतेम २१,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या साधारण सव्वापट. स्पॅनिश अमलात तेथून नीळ युरोपात जाई. निळीला ते ‘आन्यिल’ म्हणतात. हा शब्द अरबीच्या वाटेने गेलेला आपलाच ‘नील’ आहे, हे कळले तेव्हा मला तो देश एकदम जवळचा वाटला. पुढे कॉफीचे दिवस आले. कॉफीला ज्वालामुखींचे उतार मानवतात आणि नेमक्या त्याच उतारांवर आदिवासी गावांच्या सामाईक जमिनी होत्या. १८८१-८२ च्या कायद्यांनी ही सामाईक मालकीच रद्द केली, जमिनी मोजक्या घराण्यांकडे गेल्या आणि ज्यांची जमीन होती तेच तिच्यावर मजुरीने राबू लागले.

जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळल्यावर जानेवारी १९३२ मध्ये पश्चिम भागात उठाव झाला, तेव्हा लष्करी सत्ताधीश जनरल मार्तिनेसच्या सैन्याने हजारो माणसे मारली. काही अंदाजांनुसार तीस हजारांपर्यंत. त्यानंतर पिपिल या आदिवासी लोकांपैकी अनेकांनी आपली ‘नावात’ नावाची भाषा आणि पोशाख भीतीने टाकून दिला. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. १९८० ते १९९२ च्या यादवीत आणखी सुमारे ७५,००० माणसे गेली. गरिबांची बाजू घेणारे आर्चबिशप रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी प्रार्थना चालू असतानाच गोळी घातली गेली.

त्या काळापासून देशाबाहेर गेलेल्यांनी घरी पाठवलेल्या पैशांवर आज देशाच्या उत्पन्नाचा पाचव्याहून अधिक हिस्सा उभा आहे. मनीऑर्डरची वाट पाहणारी कोकणातली घरे तू पाहिली आहेस, म्हणून तुला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. २००१ पासून तेथे चलनही अमेरिकी डॉलरच आहे. हे पैसे स्वस्तात यावेत म्हणून २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले गेले, पण लोक डॉलरच पाठवत राहिले.

विमानतळाकडून राजधानी सान साल्वाडोरला येणाऱ्या रस्त्यावर या परदेशस्थांसाठी एक स्मारक आहे. लोक त्याला ‘एर्मानो लेहानो’, म्हणजे दूरचा भाऊ, म्हणतात.

तुझा,
श्रीधर